पालथ्या बाजूचा नकाशा

लाल शाईची रेघ. जेमतेम नखाच्या टोकाएवढी, शेवटाला किंचित फुटलेली, पेन उचलताना मनगट जरासं डावीकडे गेलं की फुटते तशी... बसच्या खिडकीतून ऊन कागदावर पडलं, सरकलं, पुन्हा पडलं, आणि दर वेळी ती रेघ जागच्या जागीच होती — दोन वर्तुळांपैकी उजवीकडच्या वर्तुळात, घड्याळात तीन वाजतात त्या जागी. नऊच्या जागी हवी होती. तिने कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, पाकीट पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन ओढली. आणि पुढचा थांबा यायच्या आत चेन उघडून पाकीट पुन्हा बाहेर काढलं. शेजारची बाई आता उघड उघड डोकावत होती. डोकाव बाई, डोकाव. हिऱ्याचा रिपोर्ट आहे, प्रेमपत्र नाही.

आज बुधवार. संध्याकाळी सात वाजता तो, धाकट्या बहिणीचा होणारा नवरा, घरी येणार आणि धाकटी त्याला हिरा परत देणार. हिरा, हा रिपोर्ट, आणि त्याबरोबर बाकीचं सगळंच, दोन महिन्यांवर आलेलं लग्नसुद्धा. सकाळी कप विसळता विसळता, पाठमोरीच, धाकटी म्हणाली होती, "ताई, ऑफिसात त्या रिपोर्टचं काही कळलं तर सातच्या आत सांग हं. नाहीतर मी देऊन मोकळी होते." आणि ती म्हणाली होती, "बघते." रविवारीही ती हेच म्हणाली होती, सोमवारीही, कालही. बघते, बघते... बघायचं काय शिल्लक होतं? रविवारी दुपारी साडेतीन वाजताच तिने सगळं बघितलं होतं.

त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. धाकटी फिजिओथेरपिस्ट, तो वर्षापूर्वी आखडलेला खांदा घेऊन तिच्याकडे आला — पोहायला शिकवतो, शेचाळीस वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली — आणि दोघी बहिणींच्या बोलण्यात तो 'खांदा' झाला. आज खांदा उशिरा आला. आज खांद्याने स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी डब्यात आणलं, खारट होतं. हात आता कानाला लागतो खांद्याचा. मग खांदा बरा झाला तरी यायचा थांबेना, तेव्हा तिनेच धाकटीला चिडवलं होतं, "अगं, आता दुसरा आखडला का?" दोघी पोट धरून हसल्या होत्या. ते हसणं अगदी खरं होतं. ती स्वतःला हे सारखं बजावत होती, की तेव्हाचं हसणं तरी खरं होतं.

मागच्या आठवड्यात खांद्याच्या आईने आपल्या जुन्या अंगठीतला हिरा काढवून धाकटीच्या हातात ठेवला, आणि बरोबर हा रिपोर्ट. "याचाच आहे गं, एकोणीस वर्षं जपलाय मी," म्हणाली म्हातारी. नवी अंगठी धाकटीने आपल्या पसंतीने घडवून घ्यायची होती. आणि धाकटी म्हणजे धाकटी! एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न करायला निघालेली बाई काहीच डोळे मिटून घेत नाही. तिने चार व्हिडिओ बघितले, स्वस्तातलं एक दहापट भिंग मागवलं, वजन म्हणजे काय, रंगाची अक्षरं कुठून कुठपर्यंत जातात, शुद्धता कशी लावतात, सगळं वहीत उतरवून काढलं — आणि हे सगळं, घरात बावीस वर्षं हिरेच तपासणारी सख्खी बहीण असताना. "तुला विचारलं तर तू फक्त 'बरा आहे' म्हणतेस, मला समजून घ्यायचंय," म्हणाली. रविवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरून ती बसली, आणि अर्ध्या तासाने आतून हाक आली. "ताई... अगं, हा तो हिराच नाहीये."

रिपोर्टवर दोन वर्तुळं असतात. एक हिरा वरून बघितल्यावर दिसतो तसं, दुसरं तोच हिरा पालथा घालून टोकाकडून बघितल्यावर दिसतो तसं. आतले दोष लाल शाईने, वरचे ओरखडे हिरव्या शाईने. हिऱ्याचा नकाशाच तो. दोन हिऱ्यांचं वजन एक असेल, रंग एक असेल, पण नकाशा एक नसतो. या हिऱ्यात वरच्या बाजूला, बाराच्या जागी, टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा कण होता, तो कागदावर बरोबर होता. पण कडेजवळची केसाएवढी चीर, उजेडात पिसासारखी दिसते म्हणून जिला फेदर म्हणतात, ती पालथ्या बाजूने बघताना नऊच्या जागी दिसत होती. कागदावर तीनच्या जागी होती.

"तू उलटा धरला असशील," ती म्हणाली होती.

"पंधरा वेळा बघितलं ताई. कण वर ठेवून बघितलं. तू बघ."

तिने बघितलं. आणि मग भिंग खाली ठेवून कागद हातात घेतला तेव्हा... ती फुटलेली शेपटी. प्रत्येकजण फेदर आपापल्या तऱ्हेने काढायचा त्या काळी, हाताने, आणि अशी, शेवटाला फुटलेली, अख्ख्या लॅबमध्ये एकच मुलगी काढायची, तिला शिकवणारे सर म्हणायचे, "झाडू काढू नकोस, चीर काढ." तेव्हा सगळं एका क्षणात कळलं. हिरा तोच होता. चीर वरून बघताना तीनच्या जागी दिसते. पालथा घातला की डावं-उजवं बदलतं. काढणाऱ्या मुलीने वरून बघून पालथ्या बाजूच्या वर्तुळात तशीच उतरवली, फिरवायची विसरली. शिकाऊ माणसं ही चूक पहिल्या महिन्यात करतात, आणि ही पोरगी तर तेव्हा तीन वर्षं कामात मुरलेली होती. कळलं, आणि 'अगं, ही माझी चूक आहे' हे वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं. धाकटी खुर्चीच्या काठावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होती, चेहरा पांढराफटक. "हिरा कसला का असेना गं," ती म्हणत होती, "काचेचा असता तरी मी घातला असता. पण दुसऱ्याचा कागद 'याचाच आहे' म्हणून माझ्या हातात का ठेवला त्यांनी? इथूनच असं, तर पुढे काय?" आणि ते वाक्य जिभेवरून मागे गेलं. "बघते," ती म्हणाली.

लॅबच्या दारात पिशवी तपासली, कागद तपासला, पहारेकऱ्याने नोंद केली. सपाता, पांढरा कोट. आतल्या खोलीच्या भिंती राखाडी आहेत, छत राखाडी, टेबलं राखाडी — कुठल्याच रंगाची छाया हिऱ्यात पडू नये म्हणून. बावीस वर्षं या राखाडीत बसून काढली आणि कधी कंटाळा आला नाही. इथे कोणी कोणाला काही सांगत नाही. हिरा डबीतून येतो, डबीवर फक्त आकडा, आधीच्या माणसाने काय ठरवलं ते झाकलेलं. दोघांनी वेगवेगळं बघायचं, दोघांचं जुळलं की झालं. नाही जुळलं तर डबी तिच्या टेबलावर येते. म्हणून तिला सगळे 'तिसरा डोळा' म्हणतात, पाठीमागे आणि आता तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडतं; आवडत नाही असं दाखवण्याइतकं आवडतं.

म्हणजे अभिमान आडवा आला. तीन दिवस तिने स्वतःला हेच सांगितलं होतं आणि ते बरं वाटत होतं, कारण अभिमान हा दोष सांगण्यासारखा असतो, चारचौघांत. तिसऱ्या डोळ्याला आपली चूक कबूल करवेना, मनुष्यस्वभाव आहे...

पहिली डबी उघडली. चिमट्यात हिरा धरला, पालथा, पांढऱ्या खाचेत ठेवला. शेजारी नमुन्याचे हिरे ओळीने. रंग ठरवायचा तर हिरा पालथाच घालतात, तोंडाकडून बघितला तर तो चमकून दिपवतो आणि काही कळू देत नाही. सरांचं पहिलं वाक्य — "तोंड बघून भुलायचं नाही." या उजव्या हाताच्या नमुन्याइतका की त्याच्या अलीकडचा? अलीकडचा. नाही, तेवढाच. तिने मान उचलली, डोळे मिटले, दहापर्यंत मोजले, पुन्हा बघितलं. आता तर दोन्ही नमुने सारखेच दिसायला लागले. या एका हिऱ्यापाशी ती वीस मिनिटं बसली होती. समोरच्या टेबलावरची पोरगी दोनदा वर बघून पुन्हा खाली बघती झाली.

आणि तो दिवस? कागदावर तारीख होती. रविवारपासून ती त्या तारखेला काहीतरी चिकटवायचा प्रयत्न करत होती. वडील त्याच वर्षी गेले — पण ते सहा महिने आधी. धाकटीची परीक्षा — ती नंतर. ताप? डोकेदुखी? कोणाशी भांडण? एखाद्या मोठ्या दुःखाच्या दिवशी हात चुकला असता तर किती बरं झालं असतं, तिने ते धाकटीला सांगितलं असतं, दोघी थोड्या रडल्याही असत्या... पण बुधवार होता तो, साधा. डबा खाल्ला असेल, बसने घरी गेली असेल. काहीच झालं नव्हतं. हात चुकला, बस.

जेवणाच्या सुट्टीत ती उठून दप्तरखोलीत गेली. तिथले काका निवृत्तीला टेकलेले. जुन्या नोंदी त्यांच्याशिवाय कोणाला सापडत नाहीत आणि ते याचा पुरेपूर फायदा घेतात.

"एकोणीस वर्षं?" काका चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "अहो मॅडम, इतकं जुनं काढायला लावता, माझं वय काय, काम काय! बसा."

बसली. उठली. कपाटांच्या मधून दोन येरझारा घातल्या. काकांनी एक जाड रजिस्टर काढलं, फुंकर मारली, बोट खाली खाली नेलं. "हां. हा बघा आकडा. वजन तेच, मापं तीच. नकाशा काढणार..." बोट थांबलं. काकांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे बघून तोंडभर हसले. "तुम्हीच आहात की हो!"

"हो. मला वाटलंच." तिचा आवाज विचित्र आला. "पालथ्या बाजूची फेदर फिरवायची राहिली."

"अरे वा! तिसरा डोळापण चुकतो म्हणायचा. आता तरी आलात आमच्यात." त्यांनी टेबलाच्या खणातून एक छापील अर्ज काढला. "हा भरा, हिरा घेऊन या, सुधारित रिपोर्ट मिळेल. पैसे नाही पडायचे, आपलीच चूक. मॅडम, असं तोंड काय करताय? वर्षाला असे दहा-बारा येतात, जुन्या काळातले. या पानाची झेरॉक्स करून देऊ का?"

वर्षाला दहा-बारा. काकांनी झेरॉक्स काढली, तिने ती घेतली, थँक्यू म्हणाली, जिन्यापर्यंत आली आणि तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. इतकंच होतं. कोणी रागावलं नाही, कोणी हसलं ते प्रेमाने. अभिमानाचा जो एवढा मोठा पडदा तिने तीन दिवस धरून ठेवला होता तो काकांनी एका फुंकरीत उडवला, आणि आता पलीकडे जे होतं ते तसंच्या तसं समोर.

ती जायला नको आहे मला.

इतकं साधं. मला ती जायला नको आहे. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलं की दिवा लागलेला हवा आहे. 'आज खांदा उशिरा आला' हे सांगायला ती हवी आहे, आणि खांदा मात्र नको आहे. तो गोष्टीत चालेल, घरात नको. रविवारी तिचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा माझ्या छातीत काहीतरी हललं आणि मी त्याला काळजी म्हटलं. काळजी कसली? आनंद होता तो. लहानसा, घाईघाईने लपवलेला. मला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं 'बघते' म्हणायचं होतं आणि दिवस जाऊ द्यायचे होते. सोमवारी त्याचा फोन वाजत राहिला आणि धाकटीने तो उशीखाली सारला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते... लाटत राहिले. एकही जाड-पातळ झाली नाही.

आणि त्याआधी, धाकटीसाठी घरी यायचा तो चष्म्याच्या दुकानाचा मालक. पंधरा वर्षं झाली. धाकटीने विचारलं होतं, "ताई, तुला कसा वाटतो?" आणि ती म्हणाली होती, "मला काय, तुझं तू बघ." एवढंच. शब्दांत काहीही नव्हतं, ते कोणीही तपासून बघावेत. आवाज मात्र... तो आवाज तिने काळजीपूर्वक काढला होता. महिन्याभरात चष्मेवाला यायचा बंद झाला. त्याही वेळी तिने धाकटीच्या केसांना तेल लावून दिलं होतं, आणि धाकटी म्हणाली होती, तूच आहेस गं माझी.

दुपारी आणखी तीन डब्या आल्या. तिने एकही निकाल दिला नाही. तिन्हींवर 'उद्या' अशी चिठ्ठी लावली. बावीस वर्षांत प्रथमच. साडेपाचला कोट काढला, पहारेकऱ्याने पिशवी बघितली, तो काहीतरी म्हणाला, तिने ऐकलं नाही. बस सोडून ती चालत निघाली, मग वेळ जातोय म्हणून भराभर, मग उगीचच सावकाश. एका दुकानाच्या काचेसमोर थांबून तिने काय बोलायचं त्याची जुळवाजुळव केली. हिरा तोच आहे, नकाशात चूक आहे, चूक माझी आहे. तीन वाक्यं. तिन्ही खरी. या तिन्हींवर काम भागत होतं. धाकटी हसेल, लग्न होईल, कोणाचं काही बिघडणार नाही. मग पाय का अडखळत होते? सात वाजायच्या आत जाऊन सांगणारी बहीण वाईट कशी असेल? असं म्हणत म्हणत ती घराच्या रस्त्याला लागली.

दिवा लागलेला होता. धाकटी बाहेरच्या खोलीत, केस नीट विंचरून, मांडीवर पर्स घेऊन बसली होती, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसतात तशी. टेबलावर हिऱ्याची पुडी. सव्वासहा.

"हिरा तोच आहे," ती चपलाही न काढता म्हणाली. "नकाशात चूक आहे. आणि ती चूक माझी आहे. मीच काढलाय तो नकाशा, एकोणीस वर्षांपूर्वी. ही बघ नोंद, आज दप्तरखोलीतल्या काकांनी रजिस्टरमधून काढून दिली."

धाकटीने झेरॉक्स घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसू होता की हुंदका ते तिलाही कळलं नसावं. "तू? अगं, तू? तिसरा डोळा?" तिने पर्स फेकली, उठून बहिणीच्या गळ्यात हात टाकले, सोडले, पुन्हा टाकले. "बाई गं! आणि मी त्या म्हातारीला मनातल्या मनात काय काय बोलले! तीन रात्री झोप नाही मला. त्याचे अकरा फोन उचलले नाहीत, अकरा! तो वेडा झाला असेल. थांब, आधी त्याला सांगते, नाहीतर निघेल तोंड पाडून..." फोन पर्सच्या तळाशी होता, तो सापडेना, सापडला. नाक लाल झालं होतं आणि ती वीस वर्षांनी लहान दिसत होती. इतकी सुंदर दिसते ही, आणि मला हे माहीत होतं, आणि तरी.

फोन कानाला लावून ती वाट बघू लागली. पलीकडे वाजत होता. खोलीत ऐकू येत होतं. एका हाताने डोळे पुसत, हसतच, सहज म्हणून तिने विचारलं, "पण तुला कळलं कधी गं? आज, काकांनी रजिस्टर काढलं तेव्हा?"

उत्तर तिनेच तयार करून हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची. एक 'हो'. काकांनी रजिस्टर काढलं हे खोटं नव्हतं. आज काढलं हेही खोटं नव्हतं. ती एकदा खांद्याच्या घरी गेली की हा प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, आणि दर आठवड्याला ती येत राहील, तूच आहेस गं माझी म्हणत राहील... आणि प्रत्येक वेळी मी चहाला आधण ठेवीन आणि ते ऐकून घेईन.

"रविवारी," ती म्हणाली.

"काय रविवारी?"

"रविवारीच कळलं होतं. तू भिंग माझ्या हातात दिलंस तेव्हाच."

धाकटीचं हसू लगेच गेलं नाही. ते ओठांवर तसंच राहिलं, मागून कोणीतरी निघून गेल्यासारखं, आणि मग हळूहळू तिला ते कळायला लागलं — सोमवार, मंगळवार, उशीखालचा फोन, आजची सकाळ, 'बघते'. ती एकेक दिवस आठवत होती हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. कदाचित त्याच्याही मागे जात होती.

पलीकडे फोन उचलला गेला. "हॅलो?" खांद्याचा आवाज, धापा टाकत. "हॅलो, ऐक ना, काय झालंय? बोल ना."

धाकटीने डोळे पुसणारा हात खाली घेतला. फोन कानाशी, नजर माझ्यावर. मला वाटलं काहीतरी म्हणावं, निदान खाली बघावं. हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. पण रविवारपासून छातीत जे सारखं उठबस करत होतं ते थांबलं होतं, आणि त्या जागी नुसतं दुखत होतं, स्वच्छ. मी चपला काढल्या नाहीत. खाली बघितलं नाही.

"हॅलो?" तो पुन्हा म्हणाला.